व्हॅक्यूमच्या पोटातली राख

समजा, शिंपणाच्या मंगळवारानंतरची सकाळ आहे आणि व्हॅक्यूमची नळी तुमच्या हातात आहे. ओरुरो या उंच डोंगरावरच्या खाणगावातल्या एका वकीलबाईंचं घर. खाली कचेरी, वर बिऱ्हाड. काल या घरात टेबलांना, कपाटांना, झेरॉक्सच्या यंत्राला, दारातल्या मोटारीला, झाडून सगळ्यांना बीअर आणि अल्कोहोल शिंपून झालंय. वरून रंगीत कागदाच्या टिकल्यांच्या मुठी उधळल्यात, पाकळ्या टाकल्यात, साखरेच्या गोळ्या फेकल्यात, कागदी पट्ट्यांची भेंडोळी सोडलीत. भुईमाय वर्षभर देते, तर एक दिवस तिला पाजायचं. आता ते सगळं गालिच्यावर पडलंय आणि यंत्राचं बटण तुमच्या पायाशी आहे. दाबणार?

दाबून बघा. ओल्या टिकल्या नळीत शिरल्या की त्यांचा लगदा होतो आणि वळणावर बसून तो दगडासारखा वाळतो. साखरगोळ्या ब्रशाला चिकटतात. कागदी पट्ट्या त्याच ब्रशाच्या आसाभोवती चातीवर सूत गुंडाळावं तशा गुंडाळत जातात, आणि आतला रबरी पट्टा तुटतो. पाकळ्यांचं पाणी पिशवीत मुरतं; दोन दिवसांनी यंत्र चालू केलं की खोलीभर कुजका वास. आणि हे सगळं अजून बरं म्हणायचं. गालिचा अल्कोहोलने ओला असेल तर? मोटरच्या आत कार्बनचे दोन तुकडे फिरत्या तांब्याला घासत असतात आणि बारीक ठिणग्या टाकत असतात. तिथे अल्कोहोलची वाफ ओढून न्यायची म्हणजे पेटत्या चुलीत फुंकर घालून आत डोकावण्यासारखं आहे.

प्रिमितिवा कोंदार्को बटण दाबत नाही. ती आधी गुडघ्यांवर बसते आणि गालिच्याला नाक लावते. कोपऱ्यात, टेबलाखाली, पडद्याच्या मागे. वकीलबाई दारात उभ्या राहून हसतात, आणि बाईमाणसाच्या नावाआधी मानाने लावतात ते ‘दोन्या’ लावून विचारतात. “दोन्या प्रिमी, काही पुरलंय का आमच्याकडे?” प्रिमितिवा मान वर न करता म्हणते, “ते मला कळलं की तुम्हालाही कळेल.” मग आधी हात, मग केरसुणी, मग खिडक्या उघडून वारा, आणि सगळ्यात शेवटी यंत्र. गावात तिला ‘नाक’ म्हणतात. तोंडावर नाही, पण तिच्या कानावर आलेलं आहे.

हे नाक तिला जन्मतः मिळालं नव्हतं. हुआनुनीच्या खाणीवरच्या चाळीत ती वाढली. तिथे केर म्हणजे दगडाची भुकटी, आणि ती काढायला झाडू पुरे. ओरुरोच्या स्टेशनजवळच्या हॉटेलात कामाला लागली तेव्हा मुकादमाने तिच्या हातात पहिल्यांदा व्हॅक्यूम दिला आणि तो निघून गेला. कार्निव्हलला आलेल्या एका नाचणाऱ्या पाहुण्याने बुटांत टाकायची टाल्कम पावडर खोलीभर सांडली होती. प्रिमितिवाने ती मोठ्या हौसेने ओढली. क्षणात कुठे गेली कळलं नाही. मग कळलं, कारण ती यंत्राच्या मागून परत बाहेर येत होती, पांढऱ्या ढगासारखी, आणि त्यामागोमाग काळा धूर. त्या दिवसापासून समोर दिसणारी घाण ही जशी दिसते तशी असेल, यावर तिचा विश्वास उडाला.

माणसांवरचा जरा नंतर उडाला. नवरा क्रिसोलोगो पंधरा दिवसांच्या खाणकामाला म्हणून सीमेपलीकडे चिलीत गेला तो गेलाच. जाण्याआधी त्याने पुढचे दोन दात बसवून घेतले होते. खाणीत पंधरा दिवस राबायला दात कशाला लागतात, हे तिने तेव्हा विचारलं नाही. आता ती सगळं विचारते. दूधवाल्याला विचारते, पाद्रीबाबांना विचारते, आणि उत्तर मिळालं की त्या उत्तराचाही वास घेते.

एकाच माणसाला ती विचारत नसे: फिदेलियाला.

फिदेलिया त्याच हॉटेलात चादरी धुवायला होती. दोघींनी मिळून नोकरी सोडली, सीमेवरून आलेल्या जुन्या मालाच्या बाजारातून एक पिंपासारखा मोठा व्हॅक्यूम निम्मे-निम्मे घालून घेतला, आणि घरोघरचे गालिचे साफ करायला लागल्या. फिदेलियाच्या पोरीच्या, नायराच्या, बाप्तिस्म्याला प्रिमितिवा धर्ममाय झाली. तेव्हापासून दोघी एकमेकींना ‘कोमाद्रे’ म्हणतात आणि रीतीप्रमाणे ‘तुम्ही’ करतात. एका पावाचे दोन तुकडे करून खाल्लेल्या बायका, पण तुम्ही म्हणजे तुम्ही. फिदेलिया बोलायची, गिऱ्हाईक आणायची, सोफे आणि कपाटं उचलायची. प्रिमितिवाचा उजवा खांदा हॉटेलातच कामातून गेला होता. ती खुर्चीसुद्धा डाव्या हाताने ओढते. यंत्र तिच्या हातात चालायचं खरं, पण सोफा उचलायला कुणी नसेल तर सोफ्याखालचा केर तिथेच राहतो, आणि तसं काम कुणी दुसऱ्यांदा देत नाही. फिदेलियाशिवाय तिची रोजीरोटी नव्हती. हे दोघींना माहीत होतं, म्हणून कधी बोलण्यात आलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यापासून मात्र नायराचे फोन वाढले. पोरगी सांता क्रूसला राहते; तिकडे उकाडा, पैसा, मोठाली घरं. फोन आला की फिदेलिया बाहेर जायची. पूर्वी ती सगळ्यांदेखत बोलायची, अगदी पोरीच्या पोटदुखीपर्यंत. एकदा प्रिमितिवा मागून आली तेव्हा फिदेलिया म्हणत होती, “बघू, बघू, अजून तिला काही बोलले नाही.” आणि हिला पाहून तिने फोन ठेवला.

“कुणाला बोलला नाहीत, कोमाद्रे?”

“घरमालकिणीला. नळ गळतोय.”

नळ खरंच गळत होता. प्रिमितिवाने जाऊन पाहिला. तरी कुठेतरी पाणी मुरतंय, हे तिच्या मनातून जाईना.

*

कार्निव्हल झाला. शिंपणानंतरचे दोन दिवस घरं आणि कचेऱ्या करण्यात गेले. पुढच्या सोमवारी त्या दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात होत्या. साधं कोरडं काम, नेहमीची धूळ. प्रिमितिवाने यंत्र चालू केलं आणि तिची मान आपोआप तिरकी झाली. आवाज चढा होता. वाट तुंबली की मोटरला ओढायला हवा उरत नाही, ती हलकी होते आणि रिकाम्या जात्यासारखी भरधाव फिरते. मग त्या आवाजात खरखर मिसळली. मग जळका वास आला, आणि यंत्र थांबलं.

प्रिमितिवाने झाकण काढलं. आत सगळं करडं झालं होतं. पिशवी, फिल्टर, मोटरभोवतीची जाळी, सगळ्यांवर चेहऱ्याला लावायच्या पावडरीसारखी तलम भुकटी. ती वाकून नीट बघणार, तेवढ्यात फिदेलियाने पिशवी उपसली, घडी घातली आणि थेट बाहेरच्या कचऱ्याच्या पेटीत टाकून आली. फिदेलिया एरवी पिशवी बदलायच्या नावाने नाक मुरडायची.

“कोमाद्रे, हे काय आहे?”

“काय असणार? धूळ. व्हॅक्यूममध्ये मध सापडतो का?”

“ही आपली धूळ नाही.”

“धुळीवर आता आडनाव पण असतं का? जुनं झालंय हो यंत्र. तुम्ही आणि मी पण झालोय.”

“पिशवी टाकायची एवढी काय घाई होती?”

“दवाखाना आहे हा! डॉक्टरीणबाईंच्या तोंडात जाऊ द्यायचं होतं का सगळं?”

उत्तर बरोबर होतं. फिदेलियाची उत्तरं नेहमी बरोबरच असतात. प्रिमितिवाने जाळीवरची चिमूटभर भुकटी रुमालात घेतली आणि गाठ मारली. यंत्र फिदेलियाच्या खोलीवर असायचं, कारण प्रिमितिवाची खोली टेकडीवर, पायऱ्यांच्या वर. म्हणजे शुक्रवार ते सोमवार ते फिदेलियाकडे होतं. म्हणजे जे काय खाल्लं ते त्याने तिथेच खाल्लं.

डॉन सेनोबियोचं दुकान बाजारामागच्या गल्लीत आहे. मिक्सर, ड्रिल, केस वाळवायची यंत्रं, मोटर असलेलं काहीही. त्याने मोटर बाहेर काढली आणि तिचा दांडा बोटांनी फिरवला. कर्रर्र.

“ऐकलंत? बेअरिंगमध्ये चक्की बसलीये. काय चारलंत याला, दोन्या प्रिमी?”

“तेच विचारायला आलेय.”

“याला खाणकामगाराचा रोग झालाय. फुप्फुसं भरली. माझ्या बापाची अशीच भरली होती, पण त्याला निदान पेन्शन होती.”

“भरली कशाने?”

“बारीक कशानेही. प्लास्टर, सिमेंट, राख, पीठ. कागदी पिशवी असलं काही धरत नाही हो, चाळणीतून पाणी जावं तसं आरपार जातं. फिल्टर बुजतो. आत येणारी हवाच मोटरला गार ठेवते. ती बंद झाली की मोटर आपल्याच तापाने मरते.”

“मग नक्की काय होतं ते सांगा ना.”

“मी मोटरवाला आहे, पोलीस नाही. बेअरिंगं बदलतो, कार्बन बदलतो, गुंडाळी वाचते का बघतो. गुरुवारी या. आणि नळी घेऊन जा, इथे पाय अडकतो तिच्यात.”

प्लास्टर म्हटल्याबरोबर तिला एवेर आठवला. एवेर हा फिदेलियाचा दीर, भिंतींना प्लास्टर करतो, आणि फिदेलियाच्याच अंगणापलीकडे राहतो. त्याला यंत्र दिलं असणार, आणि वर त्याचं भाडंही परस्पर घेतलं असणार! प्रिमितिवा तडक त्याच्या कामावर गेली. एवेर शिडीवर होता, भुवयांपर्यंत पांढरा.

“अरेच्चा, नाक! म्हणजे, दोन्या प्रिमी! इकडे कुठे वाट चुकलात?”

“एवेर, आमचं यंत्र वापरलंस?”

“कशाला? प्लास्टर ओढायला? मला वेड लागलंय का? ते काम मी बायकोच्या केरसुणीने करतो.”

“शुक्रवारनंतर कधी नेलं होतंस का म्हणतेय मी.”

“न्यायला मिळेल तर ना. तुमची कोमाद्रे मला त्याच्याकडे बघूसुद्धा देत नाही. शुक्रवारी मीठ मागायला गेलो तर बोटभर दार उघडलं, मीठ दिलं, दार बंद. भर दुपारी! म्हटलं, वहिनी, आत नवरा लपवलाय का? माझ्या भावाला वरून दिसत असेल हां.”

“मग काय म्हणाली?”

“म्हणाली, मीठ कमी घाल, रक्तदाब आहे तुला.”

एवेर खोटं बोलत असेल का? बोलतच असेल, चोराच्या मनात चांदणं. प्रिमितिवाने त्याच्या घमेल्यातली कोरड्या प्लास्टरची मूठभर भुकटी न विचारता कागदात बांधली. “घ्या, घ्या,” तो वरून ओरडला, “भिंत हवी असेल तर तीही न्या!”

घरी तिने दोन बश्या मांडल्या. एकीत एवेरचं प्लास्टर, दुसरीत रुमालातली चिमूट. दोन्हींत पाणी घातलं, काडीने ढवळलं आणि ती बाजूला बसून जांभळ्या मक्याचं गरम पेय, आपी, पीत राहिली. पेला संपेपर्यंत एवेरची बशी घट्ट झाली. काडी उचलली तर बशी बरोबर उचलली गेली. दुसरीत मात्र करडं पाणी तसंच हलत होतं. तिने त्यात बोटं बुडवून चोळली. साबणासारखी बुळबुळीत. राख.

म्हणजे एवेर सुटला. पण राख आली कुठून? फिदेलियाकडे चूल नाही, गॅस आहे. या उंचीवर लाकूड आहेच कुठे जाळायला? प्रिमितिवाने बोटं नाकाशी नेली. ओल्या राखेला वास होता. जळलेल्या चरबीचा. आणि त्यामागे एका पाल्याचा, जो वर्षातल्या कुठल्याही शुक्रवारी ओरुरोच्या निम्म्या अंगणांतून येतो.

भुईमायसाठी पेटवतात त्या धुनीचा वास.

तिने कोपऱ्यातली नळी ओढली, लांब काठी घेतली आणि वळणाच्या जागी ठोकत बसली. आधी थोडी राख पडली, मग लाल लोकरीचा जळका धागा, मग काहीतरी टक् करून फरशीवर आलं. साखरेची वडी. धुनीत ठेवतात त्यातली, वर चित्र उठवलेली. ज्याला घर हवं तो घराची वडी ठेवतो, ज्याला मोटार हवी तो मोटारीची; चरबी आणि पाल्याबरोबर ती निखाऱ्यांवर जळते आणि मागणं भुईमायकडे जातं. ही अर्धीच जळली होती. डाव्या बाजूला घेरदार झग्यातली, वेण्या घातलेली एक बाई उभी, तिचा एक हात उजवीकडे पुढे केलेला. तो हात जिथे पोचत होता तिथून पुढे सगळी साखर वितळून तपकिरी गोळा झालेली.

प्रिमितिवा त्या हाताकडे बघत राहिली. कुणाकडे केलाय हा?

*

वड्या, पाला, चरबी, लोकर विकणाऱ्या बायकांची एक गल्लीच आहे. पहिल्या टपरीवरच्या बाईने वडी उजेडात धरली.

“ही माझ्याकडचीच. या बाईचं नाक जरा वाकडं येतं, साच्यालाच खोट आहे.”

“पुढचं काय होतं? उजवीकडे?”

“दोन निघतात यात. हे बघा.” तिने परातीतून दोन उचलल्या. एका वडीत दोन बायका होत्या, हातात हात दिलेल्या, ती भागीदारीची. दुसरीत एकटीच बाई होती आणि तिचा हात स्वतःच्या दुकानाच्या दाराला होता. “डावीकडचा साचा दोन्हींचा एकच. कोण दोन साचे करत बसतो?”

“मग ही यातली कुठली?”

“आता ते कसं सांगू, राणी? जळाली ती.”

“कुठली जास्त खपते?”

“माझ्या आईच्या वेळी हातात हातवाली. आता दुकानवाली.” बाई मनापासून हसली. “लोक हुशार झाले.”

“गेल्या आठवड्यात एक जाडशी बाई आली होती का, हनुवटीवर तीळ असलेली? खूप बोलते.”

“गेल्या आठवड्यात माझ्याकडे अर्धं ओरुरो आलं होतं, आणि बोलत सगळेच होते. घेणार आहात का काही?”

प्रिमितिवाने काही घेतलं नाही. ती सरळ फिदेलियाच्या अंगणात गेली. फिदेलिया खोलीच्या उंबऱ्यावर बसून बटाटे सोलत होती. प्रिमितिवाने वडी तिच्या सुरीशेजारी ठेवली.

सुरी थांबली. फिदेलियाने वडीकडे पाहिलं, मग अंगणात कोण आहे ते पाहिलं, आणि हळू आवाजात म्हणाली, “आत या.”

आत आल्यावर प्रिमितिवाला आधी दिसला तो नायराने पाठवलेला नवा गालिचा. त्यावर मधोमध खुर्ची ठेवलेली. मधोमध खुर्ची कोण ठेवतं? तिने ती डाव्या हाताने सरकवली. खाली तळहाताएवढं काळं भोक होतं.

“बोला,” प्रिमितिवा म्हणाली.

“काय बोलू? तुम्हाला सगळं कळलंय. तुम्ही बोला.”

“यंत्राची धुनी केलीत.”

“केली! केली, मग?” फिदेलियाचा आवाज एकदम चढला. “गल्लीतल्या प्रत्येकाचं यंत्र वर्षातून एकदा जेवतं. न्हाव्याचं जेवतं, शिंप्याचं जेवतं, त्या सेनोबियोचं ड्रिलसुद्धा जेवतं. आपलंच उपाशी! दर वर्षी मी म्हणते, दोन थेंब शिंपू या, आणि दर वर्षी तुम्ही म्हणता, मोटर, ठिणगी, वाफ. भुईमायला काय कळतं मोटर-बिटर? तिला एवढंच कळतं की या दोघी कधी काही देत नाहीत.”

“पण मग आत का? अंगणात करायची ना, सगळे करतात तशी.”

“अंगणात केली असती तर घरमालकिणीने संध्याकाळच्या आत तुम्हाला सांगितलं असतं. म्हणून आत केली, दार लावून. निखाऱ्यांचं मडकं यंत्रापुढे ठेवलं. अल्कोहोल टाकलं, तर ज्वाळा अशी उठली की मी मागे सरले आणि पाय लागून मडकं उलटलं.” तिने खुर्चीकडे बोट केलं. “पोरीचा गालिचा, कोमाद्रे! मी पाणी ओतलं असतं तर सगळा काळा चिखल झाला असता. मोठे निखारे मी चिमट्याने उचलले. राहिली ती राख, ती यंत्राने ओढली. आधी हात लावून बघितली होती, गार होती. गारच होती, शपथ.”

“वरून गार असते,” प्रिमितिवा म्हणाली. “राख म्हणजे निखाऱ्याची गोधडी. आत तो जिवंत असतो दुसऱ्या दिवसापर्यंत. हवा ओढली की पेटतो. पिशवीला भोक पडलं असणार.”

“पडलं होतं.”

“म्हणून लपवलीत.”

“म्हणून लपवली. तुम्ही मला दिवसभर सुनावलं असतं.”

हे सगळं पटण्यासारखं होतं, आणि तेच प्रिमितिवाला खुपलं. घाबरलेली बाई, दार लावून केलेली धुनी, उलटलेलं मडकं. प्रत्येक गोष्ट आपल्या जागी बसत होती. यंत्राच्या भल्यासाठी यंत्राला मारलं, असं तर कुणाच्याही हातून होईल. पण यंत्रापुढे बसून बाईने मागितलं काय?

तिने वडी पुढे केली. “यात दुसरी बाई होती, की दुकान होतं?”

फिदेलियाने खुर्ची पुन्हा भोकावर सरकवली.

“कोमाद्रे, मी काय विचारतेय?”

“मागितलेलं सांगायचं नसतं. सांगितलं की फळत नाही. तुम्हाला माहीत नाही का?”

“आता जळाली ती अर्धी. फळायचं काय राहिलंय?”

“अर्धी जळाली म्हणजे अर्धी पोचली असेल.”

“कुठली अर्धी?”

“अगं प्रिमी!” फिदेलियाच्या तोंडून इतक्या वर्षांनी ‘अगं’ निघालं, आणि ती स्वतःच चपापली. “माझ्यावर विश्वास नाही तुझा?”

“नायरा काय म्हणते?”

“आता नायरा कुठून आली मध्येच?”

“सांता क्रूसहून. दर दोन दिवसांनी येते. कोणाला अजून बोलला नाहीत तुम्ही? नळाचं सांगू नका मला. तो नळ दुरुस्त होऊनही बराच काळ झाला, आणि तुम्ही अजून अंगणातच जाऊन बोलता.”

फिदेलिया हातात राहिलेलं बटाट्याचं साल बोटाभोवती गुंडाळत राहिली. “पोरगी म्हणते, ये. सगळ्याच पोरी म्हणतात, ये. म्हणून काय सगळ्या आया जातात?”

“काही जातात.”

“काही जातात,” फिदेलियाने मान्य केलं, आणि उठून पाणी आणायला गेली. परत आली तेव्हा तिचा चेहरा धुतलेला होता. ती म्हणाली, “यंत्र दुरुस्त झालं की तुमच्याकडेच ठेवा. पायऱ्यांवरून मी चढवून देते. मग तर झालं?”

*

सेनोबियोने गुंडाळी वाचवली. कसबी माणूस, पण यंत्र परत देताना त्याने उपदेश केलाच. “याला आता चांगल्या घरची धूळ द्या, दोन्या. निखारे, राख, प्लास्टर, ओलं, चिकट, काही नाही. माझ्या बापाला डॉक्टरने दारू सोडायला सांगितली होती, तसं समजा.”

फिदेलियाने शब्द पाळला. यंत्र पाठीवर बांधून, धापा टाकत, मध्ये दोनदा बसून, तिने ते टेकडीवर आणलं आणि प्रिमितिवाच्या पलंगाखाली सरकवलं. खाली उतरताना ती नेहमीसारखी बोलत होती: डॉक्टरीणबाईंना परत कधी जायचं, वकीलबाईंचा सोफा कसा जड आहे. प्रिमितिवा दारात उभी राहून ऐकत होती. यंत्र दिलं म्हणजे तिच्या मनात काही नाही, असं म्हणावं? की यंत्र नकोच असलेली बाईच ते इतक्या सहज देईल? सुतावरून स्वर्ग गाठतेय आपण, असं तिने स्वतःला बजावलं, आणि तरी दुपारभर तेच करत बसली. तिने रिकाम्या यंत्राचं झाकण उघडून आत नाक घातलं. नव्या कार्बनचा वास, तेलाचा वास, आणि पुसूनही न गेलेला तो पाला.

आता दोघी पुन्हा कामावर जातात. गिऱ्हाइकांना काही फरक दिसत नाही. फिदेलिया सोफा उचलते, प्रिमितिवा खाली नळी घालते. फिदेलिया बोलते, वकीलबाई हसतात. प्रिमितिवा आता गालिच्याआधी फिदेलियाकडे बघते. नवा झगा घेतलाय का, चपलांना नव्या टाचा लावल्यात का, दात दुखत असल्याचं काही म्हणाली का. फोन वाजला की फिदेलिया हल्ली तो सगळ्यांदेखत घेते आणि मोठ्याने बोलते: “हो गं, जेवले. हो गं, कोमाद्रे पण आहे इथेच.” प्रिमितिवाला वाटतं, हे मुद्दाम मला ऐकवायला. मग वाटतं, नसेलही.

काल डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात फिदेलियाने सोफ्याचं एक टोक पोटाशी धरून उचललं होतं, चेहरा लाल झाला होता, आणि ती ओरडली, “आटपा हो कोमाद्रे, माझ्या हातांत काय जॅक बसवलाय?” प्रिमितिवाने नळी आत सारली. सोफ्याखाली केसांचे पुंजके, एक कानातलं, औषधाची गोळी. ती जेवढ्यास तेवढं साफ करून बाहेर आली, फिदेलियाने सोफा खाली ठेवला आणि कंबरेवर हात ठेवून दम घेतला. तोंडाशी आलेला प्रश्न प्रिमितिवाने पुन्हा गिळला. सांगितलं की फळत नाही. पण जर हातात हात दिलेल्या दुसऱ्या बाईसाठीच, म्हणजे दोघींसाठीच, मागितलं असेल, तर ते न फळून कसं चालेल? आणि एकटीच्या दुकानासाठी मागितलं असेल, तर ते आता कळून तरी काय करायचं? तरी तिला एवढंच हवंय, एकदाच, खरं खरं: त्या शुक्रवारी दार लावून निखाऱ्यांपुढे बसलेल्या फिदेलियाने तो हात नेमका कुणाकडे केला होता?